थ्रो-इन कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो: अमेरिकी हायस्कूल बास्केटबॉलच्या पंचांसाठी सविस्तर मार्गदर्शन

बास्केटबॉलच्या सामन्यात सर्वाधिक वेळा घडणारी आणि तरीही सर्वात कमी लक्ष देऊन पाहिली जाणारी गोष्ट म्हणजे थ्रो-इन, म्हणजे सीमारेषेबाहेरून चेंडू आत टाकणे. बास्केट झाली की थ्रो-इन, चेंडू बाहेर गेला की थ्रो-इन, बहुतेक फाउलनंतर थ्रो-इन, टाइमआउट संपला की बहुधा पुन्हा थ्रो-इनच. प्रेक्षक या क्षणी पाणी पितात आणि प्रशिक्षक बाकावरच्या खेळाडूशी बोलून घेतात. पंचाला मात्र नेमक्या याच क्षणी डोके सर्वात शांत आणि नजर सर्वात सावध ठेवावी लागते.

हा लेख अमेरिकेतील हायस्कूल बास्केटबॉलच्या नियमांबद्दल आहे. हे नियम ‘नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स’ ही संस्था तयार करते आणि राज्यांच्या क्रीडा संघटना ते आपापल्या शालेय स्पर्धांत लागू करतात. तिचा उल्लेख पुढे ‘फेडरेशन’ असा केला आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले-मुली शाळेच्या संघांतून खेळतात, त्यांच्यापैकी काहींचे पालक हिवाळ्यात शिट्टी घेऊन मैदानात उतरतात आणि अनेकांची पहिली शिदोरी महाराष्ट्रातल्या सिमेंटच्या कोर्टवर शिकलेल्या ‘फिबा’च्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांची असते. माझीही तीच होती. दोन्ही नियमसंचांत थ्रो-इनसाठी पाचच सेकंद आहेत, त्यामुळे बाकी सगळेही सारखेच असेल असे वाटते, आणि चुकांची सुरुवात तिथून होते.

थ्रो-इनविषयीचे जवळजवळ सगळे वाद एकाच प्रश्नाने सुटतात: ती घटना घडली तेव्हा थ्रो-इन सुरू झाला होता का, आणि तो संपला होता का? थ्रो-इनला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे. घटना कोणत्या टप्प्यात घडली हे ज्या पंचाला ठामपणे सांगता येते, त्याला पुढचा थ्रो-इन कुठून द्यायचा, टेबलावरचा, पुढचा ताबा कोणाचा हे दाखवणारा बाण फिरवायचा की नाही, घड्याळ चालू करायचे की नाही, हे सगळे त्या एका उत्तरातून मिळते. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: थ्रो-इनची जागा ठरवा आणि ती सांगा

शिट्टी वाजल्यानंतर चेंडू कोणाचा हे ठरवण्याइतकेच तो कुठून आत यायचा हे ठरवणे महत्त्वाचे आहे. चेंडू सीमारेषेबाहेर गेला असेल तर जिथून तो बाहेर गेला तिथूनच थ्रो-इन होतो, आणि या बाबतीत काहीही बदललेले नाही. बदल झाला तो २०२३-२४च्या हंगामापासून, आणि तो फ्रंटकोर्टमधल्या, म्हणजे संघ ज्या बास्केटवर आक्रमण करतो त्या अर्ध्या भागातल्या, इतर थांब्यांपुरता आहे. बोनस (ठरावीक संख्येच्या संघ-फाउलनंतर मिळणारे फ्री थ्रो) लागू होण्यापूर्वीचा बचावपक्षाचा फाउल, लाथाडलेला चेंडू किंवा अशाच एखाद्या कारणाने आक्रमक संघाला फ्रंटकोर्टमध्ये थ्रो-इन मिळाला, तर तो आता चार ठरावीक जागांपैकी सर्वात जवळच्या जागेवरून होतो. दोन्ही साइडलाइनवर एंडलाइनपासून (बास्केटमागच्या रेषेपासून) २८ फुटांवरची प्रत्येकी एक आणि एंडलाइनवर लेनच्या (बास्केटसमोरच्या आखलेल्या पट्ट्याच्या) दोन्ही बाजूंना, लेनच्या रेषेपासून ३ फूट बाहेर, प्रत्येकी एक अशा या चार जागा आहेत. हायस्कूलचे कोर्ट ८४ फूट लांब असते, त्यामुळे २८ फुटांची खूण कोर्टाच्या बरोबर एक तृतीयांशावर येते आणि नजरेने शोधायला सोपी जाते. बॅककोर्टमध्ये, म्हणजे संघाच्या स्वतःच्या अर्ध्या भागात, मात्र जुनाच नियम आहे, म्हणजे घटना जिथे घडली तिथून सर्वात जवळची बाहेरची जागा.

त्याच वर्षी बोनसचा नियमही बदलला. ‘वन-अँड-वन’ (पहिला फ्री थ्रो आत गेला तरच दुसरा) गेले, संघाचे फाउल प्रत्येक क्वार्टरला शून्यापासून मोजले जाऊ लागले आणि पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळू लागले. याचा थ्रो-इनशी थेट संबंध आहे. क्वार्टरच्या पहिल्या मिनिटांत होणाऱ्या फाउलनंतर आता बहुधा थ्रो-इनच द्यावा लागतो, आणि चार जागांचा नियम सामन्यात वारंवार वापरावा लागतो.

जागा ठरली की ती बोटाने दाखवा आणि तोंडाने सांगा: गणवेशाचा रंग, दिशा आणि ‘स्पॉट’ हा एक शब्द. हा शब्द गाळू नका. ठरावीक जागेवरचा थ्रो-इन आणि एंडलाइनवर धावत करता येणारा थ्रो-इन हे दोन वेगळे प्रकार आहेत. चेंडू हातात घेऊन उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या खेळाडूने आपण कोणत्या प्रकारात आहोत हे स्वतःहून ओळखावे, अशी अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते. टाइमआउटनंतर तर ते जरूर सांगावे, कारण त्या एका मिनिटात सगळेच विसरलेले असतात.

दुसरी पायरी: चेंडू हवाली करण्यापूर्वी मैदान तपासा

थ्रो-इनची आणि पाच सेकंदांच्या मोजणीची सुरुवात एकाच क्षणी होते, म्हणजे चेंडू थ्रो-इन करणाऱ्या संघाच्या खेळाडूच्या हवाली होतो तेव्हा. हवाली होणे म्हणजे पंचाने तो हातात देणे, टप्पा देऊन पोहोचवणे किंवा जमिनीवर ठेवणे. बास्केटनंतर मात्र चेंडू खेळाडूला सहज घेता येईल अशा स्थितीत आला आणि पंचाने मोजणी सुरू केली की तो हवाली झाला असे धरले जाते. बास्केट झाल्यावर चेंडू जाळीखाली घोळतो आहे आणि खेळाडू मुद्दाम तो उचलत नाही, तर तो उचलेपर्यंत थांबायचे नसते.

त्या क्षणाआधीच्या दोन-तीन सेकंदांत पंचाने आपल्या सहकाऱ्याकडे, गुणलेखकांच्या टेबलाकडे आणि घड्याळाकडे एकदा पाहून घ्यावे, दोन्ही संघांचे पाच-पाच खेळाडू मोजावेत आणि कोणी बदली खेळाडू टेबलाजवळ थांबलेला नाही याची खात्री करावी. चेंडू एकदा हवाली झाला की यातली कोणतीही चूक सुधारणे अवघड होते. बचाव करणाऱ्या संघाचा टाइमआउटही या क्षणापर्यंतच देता येतो. चेंडू हवाली झाल्यानंतर तो मागण्याचा अधिकार फक्त थ्रो-इन करणाऱ्या संघाला उरतो, आणि फेडरेशनच्या नियमांत तो मैदानावरचा खेळाडूही मागू शकतो, मुख्य प्रशिक्षकही. फिबाच्या नियमांत वाढलेल्या पंचाने हे लक्षात ठेवावे, कारण तिथे खेळाडूची मागणी चालत नाही.

टाइमआउट संपून दुसरा हॉर्न वाजल्यावरही एखादा संघ घोळक्यातून बाहेर येत नसेल, तर त्याच्यासाठी ताटकळत राहू नका. शिट्टी वाजवा, चेंडू थ्रो-इनच्या जागी जमिनीवर ठेवा आणि मोजणी सुरू करा. पाच सेकंदांत कोणी चेंडू घेतला नाही तर ते व्हायोलेशन (फाउल नसलेला नियमभंग) आहे.

आतल्या खेळाडूंची रांगही याच वेळी पाहावी. सीमारेषेला समांतर आणि तिच्यापासून ३ फुटांच्या आत एकाच संघाचे खेळाडू खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि प्रतिस्पर्ध्याला त्यांच्यामधली जागा हवी असेल, तर ती त्याला द्यावी लागते. रांग रेषेला काटकोनात, म्हणजे एकामागे एक अशी असेल, तर हा नियम लागू होत नाही.

तिसरी पायरी: थ्रो-इन करणाऱ्याचे पाय पाहा, पण चुकीच्या गोष्टीसाठी नाही

सर्वाधिक चुकीच्या शिट्ट्या इथे वाजतात. प्रेक्षागृहातून ‘ट्रॅव्हल’ अशी आरोळी येते आणि नवा पंच दबून शिट्टी वाजवतो. थ्रो-इनमध्ये ट्रॅव्हलिंगचा (चेंडू हातात घेऊन जास्त पावले टाकण्याचा) नियम नाही आणि पिव्हट पायाचे, म्हणजे एक पाय जागेवर रोवून ठेवण्याचे, बंधनही नाही. खेळाडूने पाय उचलले, बदलले, उडी मारली, तरी केवळ त्यासाठी शिट्टी नाही.

पंचाने ठरवून दिलेली जागा ३ फूट रुंद असते आणि तिला खोलीची मर्यादा नसते. खेळाडूचा किमान एक पाय त्या ३ फुटांच्या पट्ट्यावर किंवा पट्ट्याच्या वर हवेत असला की पुरे. तो मागे भिंतीपर्यंत गेला तरी चालते, दोन पावले मागे जाऊन पुन्हा पुढे आला तरी चालते, जागेवर उंच उडी मारून पास दिला तरी चालते. दोन्ही पाय पट्ट्याच्या बाहेर गेले तर मात्र व्हायोलेशन आहे. फिबामध्ये खेळाडूला बाजूला एकूण १ मीटर सरकता येते. दोन्ही मोजमापे जवळजवळ सारखी दिसतात, पण फिबात सरकण्याचे अंतर मोजायचे असते, तर इथे पाय पट्ट्यावर आहे की नाही एवढेच पाहायचे असते.

रेषेवर पाय पडणे हेही व्हायोलेशन नाही, कारण सीमारेषा हा बाहेरचाच भाग आहे. पाय रेषा ओलांडून आतल्या जमिनीला टेकला आणि चेंडू अजून हातात असेल, तरच थ्रो-इन गमावला जातो. याउलट हात आणि चेंडू रेषेच्या आतल्या बाजूला, हवेत, कितीही पुढे नेता येतात. त्यातला धोका पाचव्या पायरीत पाहू.

जागा ठरलेली असताना चेंडू हवाली झाला की थ्रो-इन करणाऱ्याने तो दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातात देऊन स्वतः आत जाणे चालत नाही, आणि त्याचा कोणताही सहकारी सीमारेषेबाहेर राहूही शकत नाही.

बास्केटनंतरचा थ्रो-इन या सगळ्याला अपवाद आहे. ज्या संघावर बास्केट झाली त्याला एंडलाइनच्या मागे कुठेही धावता येते आणि एंडलाइनच्या मागेच असलेल्या सहकाऱ्याला पासही देता येतो. टाइमआउट घेतला तरी ही मुभा जात नाही. ती केव्हा टिकते आणि केव्हा जाते, हे सहाव्या पायरीतल्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

चौथी पायरी: पाच सेकंद दिसतील असे मोजा

मोजणी मनात नको, हाताच्या हालचालीने हवी. पाच सेकंदांची शिट्टी वाजते तेव्हा ज्या प्रशिक्षकाने पंचाचा हात हलताना पाहिलेला असतो, तो बहुधा वाद घालत नाही. मोजणी चेंडू हातातून सुटला की थांबते. तो कोणाला लागेपर्यंत ती चालू ठेवायची नसते. चार मोजून झाल्यावर टाइमआउट मागितला गेला तर तो द्यावा. नजर थ्रो-इन करणाऱ्यावर खिळवून ठेवू नये. तो आणि त्याच्यासमोरचा बचावपटू दोघेही दृष्टीत राहतील आणि त्यांच्या पलीकडची पहिली झुंजही दिसेल, अशा कोनात उभे राहावे.

पाचवी पायरी: रेषेवरची अदृश्य भिंत

सीमारेषेच्या आतल्या कडेवर एक उभी, अदृश्य भिंत आहे अशी कल्पना करा. नियमांत तिला ‘प्लेन’ म्हणतात. थ्रो-इन करणाऱ्याला हात तिच्यातून आत घालता येतो. बचावपटूला मात्र चेंडू पास म्हणून सुटेपर्यंत शरीराचा कोणताही भाग तिच्यातून बाहेर काढता येत नाही.

बचावपटूने ही भिंत ओलांडली तर काय करायचे, याचे तीन स्तर आहेत आणि ते एकमेकांत मिसळता कामा नयेत. त्याने हात फक्त बाहेर काढला, चेंडूला किंवा खेळाडूला स्पर्श केला नाही, तर त्याच्या संघाला विलंबाचा इशारा मिळतो. हा इशारा स्कोअरबुकात लिहिला जातो, प्रशिक्षकाला सांगितला जातो, आणि त्याच जागेवरून थ्रो-इन पुन्हा दिला जाऊन मोजणी नव्याने सुरू होते. हा इशारा संघाचा असतो, खेळाडूचा नसतो, आणि तो एकदाच मिळतो; बास्केटनंतर चेंडूला हात लावून विलंब केल्याबद्दल संघाला आधीच इशारा मिळाला असेल, तर भिंत पहिल्यांदाच ओलांडली तरी थेट संघावर टेक्निकल फाउल (खेळाडूंच्या धडकेशी संबंध नसलेला फाउल) लागतो. दुसरा स्तर म्हणजे भिंतीपलीकडे हात घालून थ्रो-इन करणाऱ्याच्या हातातल्या चेंडूला स्पर्श करणे किंवा तो पाडणे. यासाठी आधी इशारा दिलेला असण्याची गरज नाही, त्या खेळाडूवर टेक्निकल फाउल लागतो. तिसरा स्तर म्हणजे भिंतीपलीकडे जाऊन खेळाडूलाच धक्का देणे. तो इंटेंशनल फाउल आहे, म्हणजे दोन फ्री थ्रो आणि शिवाय चेंडूही.

आता तिसऱ्या पायरीत म्हटलेला धोका. थ्रो-इन करणाऱ्याने चेंडू स्वतःच भिंतीच्या आत, कोर्टाच्या बाजूला धरला, तर बचावपटू त्याला हात लावू शकतो आणि तो हिसकावूनही घेऊ शकतो, कारण त्याने भिंत ओलांडलेलीच नसते. म्हणून इथे पंचाने चेंडूकडे न पाहता बचावपटूच्या हाताकडे पाहावे आणि तो रेषेच्या कोणत्या बाजूला होता एवढेच ठरवावे.

या नियमाची सर्वात बारीक कसोटी सामन्याच्या अखेरच्या पाच सेकंदांत लागते. हायस्कूलच्या नियमांत बास्केटनंतर घड्याळ चालूच राहते. फिबामध्ये चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत ते थांबते. समजा, ब संघ तीन गुणांनी मागे आहे, त्याने बास्केट केली आणि आता तो एका गुणाने मागे आहे. घड्याळात चार सेकंद आहेत आणि ते चालू आहे. अ संघाला पाच सेकंद आहेत, म्हणजे चेंडू आत टाकला नाही तरी सामना संपतो. अशा वेळी ब संघाचा चतुर खेळाडू मुद्दाम रेषेपलीकडे हात घालतो, कारण पंचाने इशाऱ्याची शिट्टी वाजवली की घड्याळ थांबेल. फेडरेशनचा अर्थ अगदी स्पष्ट आहे: सामन्यात पाच किंवा कमी सेकंद उरले असतील, घड्याळ चालू असेल आणि कृतीचा हेतू केवळ ते थांबवण्याचा असेल, तर तिच्याकडे दुर्लक्ष करावे. पण त्या कृतीने थ्रो-इन करणाऱ्याला खरोखरच अडथळा आला, तर आधी इशारा दिलेला नसला तरी टेक्निकल फाउल द्यावा. इशारा हा पर्याय इथे उरतच नाही, कारण तो दिला की नियम मोडणाऱ्या संघालाच हवे ते मिळते. सहकारी पंचांशी सामन्यापूर्वी बोलताना मी हा मुद्दा न चुकता काढतो. चार सेकंद उरले असताना दोन पंचांनी दोन वेगळे निर्णय घेतले तर ते निस्तरणे कोणाच्याच हातात राहत नाही.

सहावी पायरी: थ्रो-इन संपला का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पास सुटला की पाच सेकंदांची मोजणी संपते, पण थ्रो-इन संपत नाही. तो संपतो तेव्हा, जेव्हा चेंडू आतल्या दुसऱ्या एखाद्या खेळाडूला लागतो किंवा तो खेळाडू त्याला वैध रीतीने स्पर्श करतो, किंवा थ्रो-इन करणारा संघच व्हायोलेशन करतो. यातला ‘वैध’ हा शब्द अधोरेखित करून ठेवावा.

पहिले उदाहरण घेऊ. अ संघाचा खेळाडू आपल्या एंडलाइनवरून कोर्टभर लांब पास टाकतो. चेंडू कोणालाही न लागता पलीकडच्या एंडलाइनबाहेर जातो. प्रेक्षकांना वाटते, ब संघाला चेंडू तिथूनच मिळेल. तसे नाही. कोणीही स्पर्श केला नाही म्हणजे चूक थ्रो-इनमधली आहे, आणि ब संघाला चेंडू मूळ थ्रो-इनच्या जागेवरून, म्हणजे त्याच्या आक्रमणाच्या बास्केटजवळून मिळतो. घड्याळाचा एक क्षणही खर्च होत नाही. हाच चेंडू बाहेर जाण्यापूर्वी अ संघाच्या आतल्या खेळाडूच्या बोटाला निसटता लागला असता, तर थ्रो-इन तिथेच संपला असता, घड्याळ त्या स्पर्शाला सुरू झाले असते आणि ब संघाला चेंडू जिथून बाहेर गेला तिथून, ७०-८० फूट लांबून मिळाला असता. दोन निर्णयांमधला हा फरक एका बोटाच्या टोकावर अवलंबून आहे, म्हणून दूरच्या पंचाने अशा लांब पासच्या शेवटापर्यंत नजर हलवू नये.

मूळ जागेवरून चेंडू देण्याचा हा नियम थ्रो-इन संघाच्या बाकी व्हायोलेशनलाही लागू आहे: पाच सेकंद संपणे, जागा सोडणे, पास कोणालाही न लागता थेट बास्केटमध्ये जाणे, किंवा थ्रो-इन करणाऱ्याने दुसऱ्या कोणाला लागण्याआधी स्वतःच आत येऊन चेंडूला हात लावणे. पण थ्रो-इन करणाऱ्याने चेंडू आत उभ्या असलेल्या बचावपटूच्या पाठीवर हळूच मारला, आत पाऊल टाकले आणि तो पकडला, तर ते पूर्णपणे वैध आहे. चेंडू आतल्या खेळाडूला लागला तेव्हाच थ्रो-इन संपला होता.

दुसरे उदाहरण एंडलाइनवर धावण्याच्या मुभेचे. ब संघाने बास्केट केली आहे आणि अ संघ एंडलाइनवरून थ्रो-इन करतो आहे. ब संघाच्या खेळाडूने एंडलाइनजवळ पास मुद्दाम पायाने अडवला. लाथ हा अवैध स्पर्श आहे, म्हणून थ्रो-इन संपला नाही. पुढचा थ्रो-इन एंडलाइनवरूनच व्हायचा असल्याने अ संघाची धावण्याची मुभा कायम राहते. आता त्याच खेळाडूने तोच पास हाताने एंडलाइनबाहेर ढकलला असे धरा. हाताचा स्पर्श वैध आहे, थ्रो-इन संपला, आणि अ संघाला चेंडू पुन्हा मिळाला तरी तो ठरावीक जागेवरून. बोनसपूर्वीचा साधा फाउल थ्रो-इन संपण्याआधी झाला आणि पुढचा थ्रो-इन एंडलाइनवर येत असेल, तरीही मुभा टिकते. या प्रकरणांसाठी वेगळी यादी पाठ करण्याची गरज नाही, ‘संपला का?’ एवढे विचारले की पुरे.

सातवी पायरी: बाण

हायस्कूलमध्ये दोन्ही संघांनी चेंडू घट्ट पकडला (हेल्ड बॉल) की जंप बॉल, म्हणजे पंचाने वर फेकलेल्या चेंडूसाठी उडी, होत नाही, टेबलावरच्या बाणाप्रमाणे आळीपाळीने थ्रो-इन मिळतो. बाण थ्रो-इन सुरू होताना फिरवायचा नसतो, तो थ्रो-इन संपल्यावर फिरतो.

अमेरिकेतल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात एका शालेय सामन्यात बाणाच्या थ्रो-इनवर बचावपटूने पास पायाने अडवला. मी लाथेची खूण दाखवली, थ्रो-इन पुन्हा दिला आणि टेबलाला बाण फिरवायला सांगितले, कारण ‘त्यांना त्यांचा थ्रो-इन मिळाला’ असे मला वाटले. पुढच्या हेल्ड बॉलला चेंडू दुसऱ्या संघाला गेला. मध्यांतरात सहकाऱ्याने नियम उघडून दाखवला तेव्हा पटले की मी त्या मुलींचा एक हक्काचा चेंडू काढून घेतला होता. लाथेमुळे बाणाचा थ्रो-इन संपलेलाच नव्हता. पुन्हा दिलेला थ्रो-इन लाथेच्या व्हायोलेशनबद्दलचा होता आणि बाण त्यांच्याकडेच राहायला हवा होता.

बाणाच्या थ्रो-इनवर कोणत्याही संघाने फाउल केला तरी थ्रो-इन करणारा संघ बाण गमावत नाही. तो गमावला जातो एकाच कारणाने, थ्रो-इन करणाऱ्या संघाने स्वतः व्हायोलेशन केले तर. टेबलावरची व्यक्ती बहुधा एखादी शिक्षिका किंवा विद्यार्थी असते. ‘मी सांगेन तेव्हाच बाण फिरवा’ असे सामन्यापूर्वी तिला नम्रपणे सांगून ठेवावे.

आठवी पायरी: ताबा कोणाचा?

२०११-१२पासून फेडरेशनने थ्रो-इनदरम्यान संघाचा ताबा मान्य केला आहे, पण तो फक्त फाउलच्या हिशेबासाठी. चेंडू अ संघाच्या थ्रो-इन करणाऱ्याच्या हातात असताना किंवा पास हवेत असताना अ संघाच्याच खेळाडूने अवैध स्क्रीन लावली (प्रतिस्पर्ध्याची वाट अडवली), तर तो टीम-कंट्रोल फाउल, म्हणजे ताबा असलेल्या संघाचा फाउल असतो. ब संघ बोनसमध्ये असला तरी फ्री थ्रो मिळत नाहीत, चेंडू मिळतो.

हा ताबा इतर कोणत्याही नियमासाठी धरायचा नाही. लेनमध्ये उभ्या असलेल्या खेळाडूचे तीन सेकंद थ्रो-इनदरम्यान मोजायचे नाहीत. चेंडू बॅककोर्टमधून पुढे नेण्यासाठीच्या दहा सेकंदांची मोजणी आतल्या खेळाडूने बॅककोर्टमध्ये चेंडूवर ताबा मिळवल्यावर सुरू होते, केवळ स्पर्शाने नाही. फिबाची आठ सेकंदांची मोजणी मात्र स्पर्शापासून चालू होते. बॅककोर्ट व्हायोलेशनचेही (चेंडू फ्रंटकोर्टमधून परत मागे नेण्याच्या चुकीचेही) तसेच आहे. फ्रंटकोर्टमधून थ्रो-इन करताना चेंडू थेट बॅककोर्टमध्ये टाकता येतो. पास फ्रंटकोर्टमधल्या सहकाऱ्याच्या हाताला लागून मागे गेला आणि त्याच संघाने तो बॅककोर्टमध्ये घेतला, तरी चालते, कारण आत कोणीच अजून ताबा मिळवलेला नव्हता. फ्रंटकोर्टमधून उडी मारून हवेत पास पकडणारा खेळाडू बॅककोर्टमध्ये उतरला, तरी तो सहज उतरणीत असेल तर व्हायोलेशन नाही, आणि आधी कोणता पाय कुठे टेकला हे पाहण्याचे कारण नाही. या प्रसंगी सगळे प्रेक्षागृह एका सुरात ओरडते. पंचाने शिट्टी ओठांत ठेवून हात खाली ठेवावा.

नववी पायरी: घड्याळ

थांबलेले घड्याळ पास सुटल्यावर नव्हे, तर आतल्या खेळाडूच्या वैध स्पर्शाने सुरू होते. म्हणून पंचाने हात वर ठेवावा आणि स्पर्श दिसताच खाली आणावा. लाथेने घड्याळ सुरू होत नाही, हे सहाव्या पायरीवरून आपोआप येते.

क्वार्टरच्या शेवटी घड्याळात ०.३ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ दिसत असेल आणि खेळ थ्रो-इनने सुरू होणार असेल, तर चेंडू पकडून शॉट मारता येत नाही. फक्त टॅप चालतो, म्हणजे चेंडू न पकडता हाताने बास्केटकडे ढकलणे. दोन्ही संघांना आणि सहकारी पंचांना हे चेंडू देण्यापूर्वी सांगावे. ०.४ दिसत असेल तर पकडून मारलेला शॉट वैध ठरू शकतो, त्यामुळे तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा.

चेंडू चुकीच्या संघाला दिला तर

सगळी काळजी घेऊनही हे घडते, विशेषतः क्वार्टर बदलल्यावर किंवा टाइमआउटनंतर. २०२३-२४पासून पंचाला ही चूक सुधारण्यासाठी पूर्वीपेक्षा अधिक वेळ मिळाला आहे: चेंडू लाइव्ह (खेळात) झाल्यानंतरच्या पहिल्या डेड बॉलपूर्वी, म्हणजे खेळ पहिल्यांदा थांबण्यापूर्वी, ती दुरुस्त करता येते, मात्र मधल्या काळात चेंडूचा ताबा बदललेला नसावा. म्हणजे चुकीच्या संघाने थ्रो-इन केला, चेंडू आत आला, दोन पास झाले आणि तेव्हा तुमच्या लक्षात आले, तर शिट्टी वाजवा, दोन्ही प्रशिक्षकांना बोलावून एका वाक्यात चूक सांगा आणि योग्य संघाला थ्रो-इन द्या. दरम्यान दुसऱ्या संघाने चेंडू हिसकावून घेतला असेल, तर ती संधी गेली, खेळ तसाच पुढे चालू द्यावा.